मुलांनी काम करणं इस्लामला मान्य आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी जूनमध्ये शाळा उघडल्या की आणि रमजान जवळ आला की हेच प्रश्न मला परत परत विचारले जातात, कधी जिन्यात, कधी बाजारात भाजी घेताना, कधी रात्री अकराला व्हॉइस नोटवर. मी आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र रीतसर शिकलेली बाई, नाही हे आधीच सांगते. कोकणातलं आमचं घर, आता कुर्ल्यात राहते, वस्तीतल्या मुलांचा संध्याकाळचा अभ्यास घेते आणि जे काही शिकले ते उलेमांना (धर्माच्या जाणकारांना) विचारून विचारून आणि स्वतः वाचून शिकले. तुमच्या घरच्या खास भानगडीवर फतवा हवा असेल तर मुफ्तीसाहेबांकडेच जा, पण मूळ गोष्ट काय आहे ती इथे लिहून ठेवते म्हणजे लिंक पाठवता येईल.

एका शब्दात सांगा ना, हलाल की हराम?

एका शब्दात नाही बसत. मुलाने घरात हातभार लावणं, बापाच्या शेजारी बसून हुनर शिकणं, दुकानातून सामान आणून देणं, याला कोणी हराम म्हटलेलं नाही. पण मुलाने कमवून आणावं आणि त्यावर घर चालावं, ही गोष्ट इस्लामने मुलाच्या डोक्यावर कधीच ठेवलेली नाही, ती बापाच्या डोक्यावर आहे. कुरआनच्या सूरह बकरा या अध्यायाच्या 233 व्या आयतीत मुलाच्या संदर्भातच सांगितलंय की आईच्या खाण्याकपड्याचा खर्च बापावर, आणि तिथेच पुढे की कोणावरही कुवतीपेक्षा जास्त ओझं टाकलं जाणार नाही.

आणि एक गोष्ट आहे जी मला वाटतं प्रत्येक जुम्म्याच्या बयानात यायला पाहिजे. इमाम मालिक यांच्या मुवत्ता या जुन्या हदीस-संग्रहात हजरत उस्मान (र.) यांचा खुतबा (प्रवचन) आहे, खलीफा असताना दिलेला, त्यात ते म्हणतात की लहान मुलाला कमाई करायला भाग पाडू नका, कारण त्याला कमाई मिळाली नाही तर तो चोरी करेल. चौदाशे वर्षांपूर्वीचं वाक्य आहे हे! माझ्याकडे एक पोरगा यायचा, भंगार गोळा करायचा, घरून ठरवून दिलेलं की एवढे पैसे रोज आणायचेच. लोखंडाला भाव कमी, पितळेला जास्त, हे त्याला दहाव्या वर्षी पाठ होतं, आणि एके दिवशी दुरुस्तीला काढलेल्या बिल्डिंगमधल्या पितळेच्या तोट्या त्याच्या गोणीत सापडल्या आणि लोकांनी त्याला बेदम मारला. चोर कोण होतं तिथे? मला तरी त्या पोराला चोर म्हणवत नाही.

पण पैगंबरसाहेबांनी (स.) स्वतः लहानपणी बकऱ्या चारल्या ना?

चारल्या, बुखारीत, म्हणजे हदीसांच्या (पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या) संग्रहात आहे, मक्केवाल्यांच्या बकऱ्या काही किरातांवर, म्हणजे किरकोळ मजुरीवर चारल्या, आणि असंही फरमावलं की असा एकही नबी (पैगंबर) नाही ज्याने बकऱ्या चारल्या नाहीत. काम करण्यात कमीपणा नाही हा त्यातला धडा, तो मला पूर्ण मान्य आहे. पण हाच दाखला देऊन लोक पोराला बारा-बारा तास कारखान्यात बसवतात तेव्हा बाकीचं सगळं विसरतात. आपले नबी जन्मायच्या आधी वडील गेले, सहाव्या वर्षी आई गेली, आठव्या वर्षी आजोबा गेले, मग चाचा अबू तालिब यांनी सांभाळलं, आणि त्यांच्या घरी खाणारी तोंडं बरीच होती. अनाथपण काय असतं ते त्यांनी स्वतः भोगलं होतं. आणि मोठेपणी, मदिनेत हातात सत्ता आली तेव्हा काय म्हणाले? जो माल मागे ठेवून गेला तो त्याच्या वारसांचा, आणि जो पोरकी माणसं मागे ठेवून गेला ती माझ्या जबाबदारीवर. मी कष्ट केले तर तुम्हीही करा असं नाही म्हणाले, मागे राहिलेल्यांचं ओझं स्वतःकडे घेतलं.

हजरत अनस (र.) तर दहा वर्षांचे असताना नबींच्या खिदमतीला लागले, मग?

हो, त्यांच्या आईने, उम्मे सुलैम यांनी आणून सोपवलं होतं. पण ते काम कसं होतं हे अनस यांच्याच तोंडून ऐका. ते सांगतात, दहा वर्षं खिदमत केली, मला कधी ‘उफ्’ सुद्धा म्हणाले नाहीत, केलेल्या कामावर हे का केलंस नाही आणि राहिलेल्या कामावर हे का नाही केलंस नाही. सहीह मुस्लिम या हदीस-संग्रहात एक किस्सा आहे तो मी मुलांना नेहमी सांगते, की नबींनी अनसला कामाला पाठवलं, हा गेला, बाजारात पोरं खेळत होती तिथेच रमला, आणि अचानक मागून कोणीतरी मान धरली, वळून बघतो तर नबी, आणि हसतायत! म्हणाले, उनैस, सांगितलं तिथे गेलास का? हा म्हणाला, हो, निघालोच.

उनैस म्हणजे लाडाने अनस, आपण कसं अन्या, सल्या म्हणतो तसं. आता आपल्या कारखान्यात कामाला पाठवलेला छोटू वाटेत क्रिकेट बघत थांबला तर त्याचं काय होतं ते तुम्हाला माहितीये. ज्याला हजरत अनसचा दाखला द्यायचाय त्याने आधी तसा मालक होऊन दाखवावं.

शरीयतमध्ये मूल किती वयापर्यंत मूल?

बालिग होईपर्यंत, म्हणजे वयात येईपर्यंत. शारीरिक खुणा आधी दिसल्या तर तेव्हा, नाही दिसल्या तर 15 वर्षं, चांद्र वर्षं हां. शरीयतच्या वेगवेगळ्या परंपरा आहेत, आपल्या मुंबईतले बरेचसे हनफी, आम्ही कोकणी लोक शाफई, पण 15 वर दोन्हीकडे फतवा आहे. ज्यांच्या नावावरून हनफी म्हणतात त्या इमाम अबू हनीफा यांचं स्वतःचं मत तर मुलासाठी 18 आणि मुलीसाठी 17 असं होतं. 15 ला आधार हजरत इब्ने उमर यांच्या हदीसचा आहे, उहुदच्या लढाईच्या वेळी ते 14 वर्षांचे होते, लढाईला यायचं म्हणाले, नबींनी परत पाठवलं, खंदकच्या लढाईच्या वेळी 15 चे झाले तेव्हा परवानगी मिळाली. पुढे खलीफा उमर बिन अब्दुल अजीज यांनी हीच लहान-मोठ्याची हद्द धरली.

आणि मुलगा बालिग झाला म्हणजे लगेच सगळं त्याच्यावर टाका असं पण नाहीये. सूरह निसाच्या सहाव्या आयतीत यतीमांबद्दल (अनाथांबद्दल) सांगितलंय की वयात आल्यावरही समज आली का ते बघा आणि मगच त्यांचा माल त्यांच्या हवाली करा. शरीर आधी मोठं होतं आणि अक्कल मागून येते, हे कुरआनने धरलेलं आहे.

आणि सरकारी कायदा काय म्हणतो?

1986 चा कायदा आहे, 2016 मध्ये बदलला. 14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचंच नाही. 14 ते 18 च्या मुलांना धोक्याच्या कामात ठेवायचं नाही, बाकी कामातही दिवसाला जास्तीत जास्त 6 तास, त्यात मधली सुट्टी आली, संध्याकाळी 7 ते सकाळी 8 काम नाही, आठवड्याला एक सुट्टी. ही बंदी मोडून मुलाला कामावर ठेवलं तर मालकाला 6 महिने ते 2 वर्षं कैद किंवा 20 ते 50 हजार दंड, किंवा दोन्ही. सूट दोनच, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्यांच्या बिनधोक्याच्या धंद्यात मदत, आणि सिनेमा-सीरियल-जाहिरातीतलं काम, तेही अटी घालून.

‘हा तर इंग्रजी कायदा आहे, आपल्याला काय’ असं एक काका मला म्हणाले होते. करार पाळा हा कुरआनचाच हुकूम आहे, सूरह माइदाची पहिलीच आयत, आणि जो कायदा लेकराला वाचवतो तो दीनच्या (धर्माच्या) आड कुठे येतो ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

आमचं छोटं दुकान आहे, पोरगा शाळेतून आल्यावर बसतो, गुनाह आहे का?

नाही ओ, बसू दे की. माझे अब्बा टेलर होते, कुर्ल्यात पत्र्याचं दुकान, मी तिसरीत असल्यापासून बटणं लावायचे, कच्चा दोरा ओढायचे, ईदच्या आधी तर आम्ही तिन्ही भावंडं खाली चटईवर बसून सलवारीत नाडे ओवायचो आणि मजा यायची. पण अब्बांचा नियम होता, दप्तर आधी. गिऱ्हाईक उभं असलं तरी म्हणायचे, तिचं गणित व्हायचंय, थांबा जरा. मशीनवर मला दहावी झाल्याशिवाय बसू दिलं नाही, सुई बोटात जाईल म्हणून.

हुनर शिकवण्याबद्दल अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात एक सुंदर हदीस आहे. एक पोरगा बकरी सोलत होता, त्याला नीट जमत नव्हतं, नबी तिथून जात होते, म्हणाले, बाजूला हो, मी दाखवतो, आणि कातडं आणि मांस यांच्यामध्ये हात घातला तो थेट काखेपर्यंत, मग जाऊन नमाज पढवली. स्वतःचा हात घालून दाखवलं! घरच्या धंद्यात मूल असं शिकतं. पण दुकान ‘घरचं’ म्हणून पोराची शाळाच बंद केली किंवा रात्री बारापर्यंत गल्ल्यावर बसवलं तर ते शिकणं नाही, आणि कायद्याची सूट पण तिथे संपते.

गावाकडून पोराला जरीचं काम शिकायला मुंबईला पाठवलंय, उस्ताद चांगला आहे, हा हुनर नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि याच्यावर मी भांडते सुद्धा. जरीकाम हा मोठा हुनर आहे यात वादच नाही. पण मी आत जाऊन बघितलंय, म्हणून सांगते. गोवंडीत एका माळ्यावर, चढायला लोखंडी शिडी, वर छप्पर इतकं खाली की मला वाकून उभं राहावं लागलं. लाकडी अड्ड्यावर कापड ताणलेलं, दोन्ही बाजूंनी मुलं मांडी घालून बसलेली, ट्यूबलाइट अगदी डोक्यावर. एकाचं वय विचारलं तर ‘अठरा’ म्हणाला, आवाज अजून फुटलेला नव्हता. त्याचा एक हात कापडाच्या वर, आरी (जरीची सुई) धरलेला, एक हात खाली दोरा द्यायला, आणि खालच्या हाताच्या बोटांची टोकं बारीक काळ्या ठिपक्यांनी भरलेली, आरी टोचून टोचून. शेजारी वाटीत टिकल्या, कटदाणा. झोपायचं कुठे विचारलं तर म्हणाला इथेच, अड्डा उभा करून ठेवतो आणि खाली झोपतो.

शागिर्दी कशाला म्हणायचं? मी आईबापांना एवढंच विचारते, तो शाळेत जातो का, त्याला परत यायचं असेल तर आज रात्री ट्रेन पकडू शकतो का, आणि तुम्ही सेठकडून आगाऊ पैसे उचललेत का. तिसऱ्या प्रश्नाला बरेच जण गप्प होतात. उचल घेतली असेल तर पोरगा शिकत नाहीये, तो तुमचं कर्ज फेडतोय, आणि बापाचं कर्ज फेडायची जबाबदारी लहान मुलावर टाकणारा मसला मला तरी कोणी मुफ्तींनी सांगितलेला नाही. हुनर 16-17 व्या वर्षीही शिकता येतो. गेलेले डोळे आणि गेलेली शाळा परत येत नाही.

मुलाने काही कमवलंच तर ते पैसे कोणाचे?

मुलाचे. हे ऐकून लोकांना धक्काच बसतो, पण हनफी फिकहमध्ये (धर्मशास्त्रीय कायद्यात) साफ आहे, बापाने ते त्याच्यावरच खर्च करायचे आणि उरलेले तो बालिग होईपर्यंत सांभाळून ठेवायचे. आणखी एक, बापाने त्याला कामावर लावलं असेल तर बालिग झाल्यावर तो करार मोडायचा हक्क मुलाला आहे. गंमत बघा, सिनेमात काम करणाऱ्या मुलांसाठी सरकारने नियम केला की कमाईतले कमीत कमी 20 टक्के त्याच्या नावावर फिक्स डिपॉझिटमध्ये टाका, आपल्या फुकहांनी (फिकहच्या जाणकारांनी) तर उरलेलं सगळंच ठेवा म्हटलंय.

सेठ म्हणतात पगार देत नाही पण खायला-राहायला देतो, तेच उपकार आहेत

बुखारीत हदीसे कुदसी आहे, अल्लाह म्हणतो कयामतच्या दिवशी तीन माणसांच्या विरोधात मी स्वतः उभा राहीन, त्यातला एक म्हणजे ज्याने मजुराकडून पूर्ण काम घेतलं आणि मजुरी दिली नाही. यावर मी अजून काय लिहू?

घरकामाला गावाकडची दहा वर्षांची मुलगी ठेवलीये, आम्ही तिला मुलीसारखंच वागवतो

मग तुमच्या मुलीच्याच शाळेत तिचं नाव घाला. खरंच सांगते, मी हेच उत्तर देते आणि लोक रागावतात. नबींचे साथी हजरत अबू जर (र.) यांची हदीस सगळ्यांना पाठ असते, की तुमचे नोकर तुमचे भाऊ आहेत, जे स्वतः खाल ते त्यांना खाऊ घाला, जे नेसाल ते त्यांना द्या, झेपणार नाही ते काम देऊ नका आणि दिलंच तर स्वतः हात लावा. ही मोठ्या माणसांबद्दल आहे! तुमची मुलगी झोपल्यावर जी भांडी घासते आणि ती उठायच्या आधी जी दूध आणायला जाते, तिला मुलगी म्हणू नका. घरकामाला 14 खालची मुलं ठेवायला 2006 पासूनच बंदी आहे.

स्वतःच्या मुलींकडून घरकाम करून घेतलं तर?

घ्या, पण मुलांकडून पण घ्या. नबींच्या पत्नी हजरत आइशा (र.) यांना विचारलं, नबी घरात काय करायचे, तर म्हणाल्या घरच्यांच्या कामात असायचे आणि नमाजची वेळ झाली की निघायचे. आमच्याकडे दहावीची मुलगी परीक्षेच्या आदल्या रात्री चपात्या लाटते आणि तिचा भाऊ गादीवर मोबाईल घेऊन पडलेला असतो. मुलांमध्ये इन्साफ करा ही हदीस फक्त वाटणीच्या दिवसापुरती नाहीये.

बाप वारला किंवा अंथरुणाला खिळलाय, घरात पैसाच नाही, मग मुलाने काय करायचं? उपदेश करून चूल पेटत नाही

बरोबर आहे तुमचं, हा खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर मुलाने द्यायचं नाहीये, आपण द्यायचंय. त्याच 233 व्या आयतीत पुढे आहे की वारसावरही तशीच जबाबदारी आहे, म्हणजे बाप नसेल तर आजोबा, चाचा, जवळचे नातेवाईक, आणि तेही नसतील तर जमात. आपल्याकडे होतं उलटं, चाचा मयतीला येतो, बिर्याणीच्या देगेचे पैसे देतो, आणि चाळीसाव्यानंतर पोराला गॅरेजवर ‘लावून’ देतो आणि समजतो की फर्ज अदा झाला. वडिलांचं खोलीचं डिपॉझिट, पीएफ, काही असेल तर ते पोरांचं पण आहे, यतीमांचा माल खाणारे पोटात आग भरतात हे सूरह निसाच्या दहाव्या आयतीत आहे, ते घरच्या पुरुषांना वाचून दाखवायला लाजू नका.

जकात, म्हणजे आपल्या साठवलेल्या मालातून गरिबांना द्यायचा हिस्सा, याच्यासाठीच आहे. अडीच टक्के, आणि गरीब घराला रोख द्या, किराणा द्या, मुलाच्या वह्या-पुस्तकांना द्या, पण महिन्याला द्या. रमजानात एक किट आणि मग अकरा महिने गायब, याने मूल कामावरून सुटत नाही. आमच्या मजल्यावर चार घरांनी मिळून एका बेवा बाईच्या घरचा महिन्याचा किराणा उचलला आणि तिचा मोठा मुलगा बेकरीतून काढून परत आठवीत बसवला, त्याला बेकरीत जेवढे मिळत होते तेवढेच आम्ही गोळा करत होतो, बस. महापालिकेच्या शाळेत फी नाही, उर्दू, मराठी, हिंदी सगळी माध्यमं आहेत. आणि आपल्या बुजुर्गांनी 1874 मध्येच याच शहरात अंजुमन-ए-इस्लाम काढली ती पोरांना शिकवायलाच ना, कारखान्यात बसवायला तर नाही.

माझ्या कारखान्यात एक गरीब पोरगा आहे, त्याच्या पगारात जकात धरू का?

नाही. पगार हा त्याचा हक्क, जकात वेगळी. आणि पोरगा असेल तर आधी त्याला घरी पाठवा.

मदरशातल्या मुलांना पावतीपुस्तक घेऊन चंद्याला पाठवतात ते?

आपली खोली झाडणं, ताट धुणं, ही तरबियत (संस्कार) आहे, चांगलीच आहे. पण लोकल ट्रेनमध्ये, दुकानादुकानात लहान मुलाला हात पसरायला लावणं मला पटत नाही आणि ज्या मौलानांकडून मी शिकले त्यांनाही पटत नव्हतं. चंदा गोळा करणं मोठ्यांचं काम आहे.

रमजानात मोहम्मद अली रोडला रात्रभर स्टॉलवर मुलं असतात, महिनाभराचंच तर आहे

महिनाभर रात्री जागून सहरीनंतर (रोज्याच्या पहाटेच्या खाण्यानंतर) झोपलेलं मूल शाळेत काय करतं ते मला रोज दिसतं. 14 च्या पुढचा असला तरी संध्याकाळी 7 नंतर कायद्याने नाही. बरकतीच्या महिन्यात तर नकोच.

कुठे लहान मूल राबताना दिसलं तर मी काय करू?

1098 वर फोन करा, चाइल्ड हेल्पलाइन आहे, चोवीस तास, फुकट. नाव सांगायची सक्ती नाही. गल्ली, इमारत, मजला, मुलं साधारण किती, आत कोणत्या वेळेला असतात, हे नीट सांगा. सेठला जाऊन आधी दम देऊ नका, एका रात्रीत मुलं दुसऱ्या माळ्यावर हलवतात, मी हे एकदा केलंय आणि दुसऱ्या दिवशी तिथे फक्त अड्डे होते. मुलाचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, त्याची पण इज्जत आहे.

आणि सुटका झाल्यावर विसरू नका. मालकाकडून वसूल झालेला दंड आणि सरकारकडून 15 हजार त्या मुलाच्या नावे जमा व्हायची कायद्यात सोय आहे, पण घरच्यांना ते माहीतच नसतं, त्यांना सांगा. पोरगा गावी परत गेला तर तिथल्या इमामांना किंवा मास्तरांना फोन करून विचारा, शाळेत येतो का म्हणून. त्या माळ्यावरचा ‘अठरा’ वर्षांचा पोरगा त्या रात्री कुठे हलवला ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, म्हणून आता मी फोन आधी करते.